प्रतिभेचे ऋण : फ्रान्झ लिस्टचे जीवन आणि संगीत



ही व्याख्यानमाला एका संगीतशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांत सूर पेरले, अशा माणसाच्या नावाने बोलायचे ठरल्यावर माझ्यापुढे फ्रान्झ लिस्टचे नाव उभे राहिले. हंगेरीचा हा पियानोवादक आणि रचनाकार १८११ साली जन्मला आणि १८८६ साली गेला. त्याच्या हयातीतच त्याच्याविषयी दोन तट पडले होते आणि ते अजून पुरते मिटलेले नाहीत. एका तटाच्या लेखी तो पियानोचा सम्राट, तर दुसऱ्याच्या लेखी बोटांची करामत दाखवून टाळ्या मिळवणारा दिखाऊ कलावंत. दोन्ही तटांनी त्याच्या आयुष्याची पहिली पस्तीस वर्षेच डोळ्यांपुढे ठेवली, असे मला वाटते. मी त्याच्याकडे संपूर्ण आयुष्याच्या बाजूने पाहतो. १८४० साली व्हायोलिनवादक पागानिनी वारला, तेव्हा त्याच्यावर लिहिलेल्या मृत्युलेखात लिस्टने एक विचार मांडला होता : प्रतिभा लाभलेल्या माणसावर जबाबदारी येते. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, कीर्तीच्या शिखरावर होता. पुढची सेहेचाळीस वर्षे त्याने हा विचार जगून दाखवला. आज मला एवढेच सांगायचे आहे.

सुरुवात राइडिंग या खेड्यापासून करू. आज ते ऑस्ट्रियात आहे, तेव्हा हंगेरीच्या राज्यात होते आणि त्याचे हंगेरियन नाव दोबोरयान. वडील अ‍ॅडम लिस्ट हे एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या नोकरीत, मेंढ्यांच्या कळपांचा हिशेब ठेवणारे कारभारी. याच घराण्याच्या पदरी हायडनने उमेदीची वर्षे काढली होती. अ‍ॅडम स्वतः चेलो वाजवत आणि संगीतातच पोट भरावे ही त्यांची अपुरी राहिलेली इच्छा होती. मुलाची बोटे पियानोवर पडली, तेव्हा ती इच्छा पुन्हा जागी झाली. १८२० साली नऊ वर्षांच्या फ्रान्झने शोप्रोन आणि प्रेसबुर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, येथे वाजवले. ते ऐकून काही हंगेरियन सरदारांनी त्याच्या शिक्षणासाठी सहा वर्षांची वृत्ती देऊ केली. वडिलांनी नोकरी सोडली आणि कुटुंब व्हिएन्नाला आले.

तिथे दोन गुरू मिळाले. पियानोसाठी कार्ल चेर्नी, जो स्वतः बेथोव्हनचा शिष्य. आणि रचनेसाठी अँटोनिओ सालिएरी. चेर्नीचे दर मोठे होते, पण या मुलाला त्याने पैसे न घेता शिकवले. मुलगा वेगाने वाजवत होता, पण हात बेशिस्त होता. चेर्नीने त्याला लयीच्या आणि बोटांच्या शिस्तीत बांधले. हे विनामूल्य शिकवणे लक्षात ठेवा. लिस्ट ते जन्मभर विसरला नाही.

१८२३ च्या अखेरीस बापलेक पॅरिसला पोहोचले. तिथल्या सरकारी संगीतशाळेने मुलाला प्रवेश नाकारला, कारण नियमाप्रमाणे परदेशी विद्यार्थी चालत नव्हता. हा नियम सांगणारा संचालक केरुबिनी स्वतः इटलीहून आलेला होता! शाळेचे दार बंद झाले, पण एरार या पियानो बनवणाऱ्या घराण्याने मुलाला जवळ केले. सेबास्तियँ एरारने १८२१ मध्ये पियानोच्या यंत्रणेत एक मोठी सुधारणा केली होती. त्याआधी एकच स्वर पुन्हा वाजवायचा तर दाबलेली पट्टी पूर्ण वर येईपर्यंत थांबावे लागे. नव्या रचनेत पट्टी अर्धी वर आली तरी हातोडी पुन्हा तारेवर आदळू शकत होती. एका स्वराची झड लावणे त्यामुळे शक्य झाले. लिस्टची कला या यंत्राबरोबर वाढली. पुढे लोखंडी चौकटीने पियानोचा आवाज भरदार होत गेला, तसतसा तो वाद्याकडून अधिकाधिक मागत गेला.

१८२७ च्या ऑगस्टमध्ये, प्रवासात असतानाच, बुलोन्य येथे वडील वारले. पंधरा वर्षांच्या मुलावर आईची जबाबदारी आली. दौरे थांबले आणि तो पॅरिसभर पायपीट करत शिकवण्या घेऊ लागला. एका विद्यार्थिनीवर प्रेम बसले. तिच्या सरदार वडिलांनी ते मोडून काढले आणि मुलगा आजारी पडून इतका खचला की पॅरिसमध्ये त्याच्या मृत्यूची खोटी बातमीही छापून आली. या काळात तो वाचनाकडे वळला, धर्माकडे वळला. धर्मगुरू होण्याची ओढ तेव्हापासून त्याच्या मनात होती.

मग १८३२ चा एप्रिल आला. पॅरिसमध्ये कॉलऱ्याची साथ होती. साथीत होरपळलेल्यांच्या मदतीसाठी पागानिनीने ऑपेराच्या रंगमंचावर व्हायोलिन वाजवले. श्रोत्यांत वीस वर्षांचा लिस्ट होता. व्हायोलिनच्या चार तारांतून कोणालाही अशक्य वाटणारे नाद निघताना त्याने ऐकले आणि पियानोवर हेच करायचे असा ध्यास घेतला. काही दिवसांनी त्याने मित्राला पत्र लिहिले, त्यात आपल्या रियाजाचा हिशेब दिला : रोज चार-पाच तास नुसत्या पलट्यांचा घाम, तिसऱ्या आणि सहाव्या स्वरांच्या जोड्या, सप्तकाच्या उड्या, थरथरते नाद, एकाच स्वराची आवर्तने. त्याच पत्रात होमर, बायबल, प्लेटो, बेथोव्हन, बाख यांच्या सहवासाचाही उल्लेख आहे. बोटे आणि बुद्धी एकदमच घडत होती.

या घडणीचा पुरावा एका संचात सापडतो. पंधरा वर्षांचा असताना लिस्टने बारा सरावरचना छापल्या. त्या चेर्नीच्या वळणाच्या, विद्यार्थ्याला शोभणाऱ्या. १८३७ मध्ये त्याने त्याच रचना पुन्हा लिहिल्या आणि त्या इतक्या अवघड केल्या की त्याच्याखेरीज क्वचितच कोणाला पेलतील. १८५२ मध्ये तिसरी आवृत्ती आली. तिच्यात त्याने निरर्थक अडथळे काढून टाकले आणि संगीत मोकळे केले. आज ‘ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स’ म्हणून वाजतात त्या याच. त्यातली चौथी ‘माझेप्पा’ घ्या. रानटी घोड्याला बांधलेला माणूस मैदानातून ओढला जातो, कोसळतो आणि अखेर सरदार म्हणून उठतो, अशी ती कथा. मुख्य सुरावट दोन्ही हात वर आणि खाली सप्तकांत वाजवतात आणि त्यांच्या मधल्या जागेत तेच हात जोडस्वरांची दौड भरून काढतात. डोळे मिटून ऐकले तर तीन हात वाजवत आहेत असे वाटते. मुळात हा एका मुलाचा जोडस्वरांचा साधा सराव होता. संपूर्ण संच चेर्नीला अर्पण केला आहे. गुरुदक्षिणा याहून वेगळी काय असते?

१८३९ ते १८४७ ही त्याच्या जगभ्रमंतीची वर्षे. त्याआधीच मारी दागू या सरदारपत्नीने त्याच्यासाठी घर सोडले होते. दोघांना तीन मुले झाली : ब्लांदिन, कोझिमा आणि दानिएल. स्वित्झर्लंड आणि इटलीत एकत्र काढलेल्या दिवसांतून ‘यात्रेची वर्षे’ या नावाचे पियानोसंच निघाले. पण संसार टिकला नाही. मुले लिस्टच्या आईकडे वाढली आणि बापाचे दर्शन त्यांना वर्षानुवर्षे झाले नाही. लिस्टचे औदार्य सांगताना ही बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. जगाला भरभरून देणारा हा माणूस घरात फार थोडा सापडला.

या आठ वर्षांत तो लिस्बनपासून कॉन्स्टॅन्टिनोपलपर्यंत आणि आयर्लंडपासून रशियापर्यंत हिंडला. तोपर्यंत पियानोवादकाच्या जलशात गायक, वाद्यवृंद, दुसरे वादक असा सगळा मेळा असे. संपूर्ण संध्याकाळ एकट्याने पेलण्याचा प्रयोग लिस्टने सुरू केला आणि १८४० मध्ये लंडनला त्या प्रकाराची ‘रिसायटल’ म्हणून जाहिरात झाली. आज जगभर रूढ असलेला एकल पियानोवादनाचा कार्यक्रम इथून आला. समोर कागद न ठेवता वाजवणे हे आपल्याकडच्या श्रोत्याला नवल वाटणार नाही, पण युरोपात तो रिवाज लिस्ट आणि क्लारा शूमान यांनी पाडला. १८४१-४२ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये दहा आठवड्यांत त्याचे एकवीस कार्यक्रम झाले आणि सुमारे ऐंशी रचना त्याने वाजवल्या. लोक त्याचे हातमोजे, तुटलेल्या तारा पळवत. कवी हाइनरिश हायनेने या वेडाला ‘लिस्टोमेनिया’ असे नाव दिले.

पण पैशाचे काय झाले, हे पाहिले पाहिजे. १८३८ मध्ये डॅन्यूबच्या पुराने पेस्ट शहर बुडाले. लिस्ट इटलीहून व्हिएन्नाला धावला आणि पूरग्रस्तांसाठी कार्यक्रमांची मालिकाच केली. बॉनमध्ये बेथोव्हनचे स्मारक वर्गणीअभावी रखडले, तेव्हा उरलेला भार त्याने अंगावर घेतला. १८४५ मध्ये अनावरण ठरले आणि गावात पुरेसे सभागृह नाही असे कळताच त्याने पुढाकार घेऊन तेही घाईने उभारून घेतले. बर्लिनच्या त्या एकवीस कार्यक्रमांपैकीही कितीतरी धर्मादाय होते. टाळ्यांच्या गजरात त्याने हात आखडता घेतला नाही.

त्या काळात वाद्यवृंद मोठ्या शहरांपुरता होता आणि ध्वनिमुद्रण तर नव्हतेच. बेथोव्हनची सिंफनी ऐकायला मिळणे हे अनेकांच्या नशिबी एखाद्याच वेळी असे. लिस्टने बेथोव्हनच्या नऊही सिंफनी पियानोवर उतरवल्या. शूबर्टची पन्नासहून अधिक गाणी, बेर्लिओझची ‘फँटास्टिक सिंफनी’, वाग्नरच्या ऑपेरांतले भाग, हे सगळे त्याने दहा बोटांत आणले आणि गावोगाव पोहोचवले. स्वतःची वाहवा करून घेण्याची संधी असताना त्याने आपल्या कार्यक्रमात दुसऱ्यांना जागा दिली.

आणि मग त्याने थांबायचे ठरवले. सप्टेंबर १८४७, युक्रेनमधले येलिसावेतग्राद. वय पस्तीस. यानंतर त्याने स्वतःच्या कमाईसाठी जाहीर कार्यक्रम केला नाही. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तो वाजवत राहिला तो मदतीसाठी, मित्रांसाठी, शिष्यांसाठी. त्याच वर्षी कीव्हमध्ये त्याला प्रिन्सेस कॅरोलिन सायन-विटगेनश्टाइन भेटली. फिरणे सोडून लिहायला बस, हा तिचा आग्रह होता. १८४८ मध्ये तो जर्मनीतल्या वायमारच्या छोट्या दरबारात संगीतप्रमुख म्हणून स्थिरावला.

गटे आणि शिलर यांचे हे गाव लिस्टने नव्या संगीताचे ठाणे केले. ड्रेस्डेनच्या उठावात भाग घेतल्यामुळे वाग्नरवर पकड वॉरंट निघाले होते. लिस्टने त्याला निसटायला मदत केली, पैसे दिले आणि २८ ऑगस्ट १८५० रोजी त्याच्या ‘लोएनग्रिन’चा पहिला प्रयोग स्वतः उभा केला. वाग्नर तेव्हा परागंदा होता, स्वतःच्या ऑपेराचा पहिला प्रयोग पाहू शकला नाही. बेर्लिओझसाठी वायमारमध्ये खास महोत्सव झाले. पुढे सँ-साँसचा ‘सॅमसन आणि डलायला’ फ्रान्समध्ये कोणी घेईना, तोही १८७७ मध्ये लिस्टच्या शब्दामुळे इथेच प्रथम रंगमंचावर आला. वायमारच्या पदावर असतानाच त्याने ‘सिंफनिक पोएम’ हा एकाच भागाचा, कथा किंवा कल्पना मनात धरून रचलेला वाद्यवृंदाचा प्रकार रुजवला. ‘फाउस्ट’ आणि ‘दान्ते’ या मोठ्या सिंफनी लिहिल्या.

पण वायमारची खरी कमाई म्हणून मी एका रचनेकडे बोट दाखवीन : १८५३ मध्ये पूर्ण झालेला बी मायनर सोनाटा. सुमारे अर्धा तासाची ही रचना न थांबता वाजते. सुरुवातीला खर्जात दबके, तुटक ठोके आणि खाली उतरणारी संथ स्वरपंक्ती. ती दोनदा येते, दुसऱ्यांदा तिचे स्वर बदललेले, हंगेरियन वळणाचे. मग उसळणारी, सप्तकाच्या उड्या घेणारी सुरावट. लगेच खर्जात एकाच स्वरावर हातोडीसारखे घाव घालणारी तिसरी आकृती, धमकीसारखी. या मोजक्या बीजांतून पुढचे जवळजवळ सगळे वाढते. काही मिनिटांनी एक अतिशय कोमल, गाणारी धून येते. कानाला ती नवी वाटते. नीट ऐकले की कळते, ही तीच धमकी आहे! स्वर तेच, फक्त लय सैल केली, ठोक्यांची ओळ लांबवली, खालची साथ बदलली आणि दरडावणीची प्रार्थना झाली. राग तोच ठेवून भाव पालटणे ज्यांना प्रिय आहे, अशा श्रोत्यांनी हा क्षण आवर्जून ऐकावा.

या सोनाट्याच्या हस्तलिखितात आणखी एक गोष्ट दिसते. लिस्टने आधी शेवट दणदणीत लिहिला होता. तो त्याने खोडून टाकला आणि त्या जागी शांत शेवट लिहिला. सुरुवातीची उतरती स्वरपंक्ती परत येते, वर काही मंद स्वरमेळ विरतात आणि खर्जातला एकच स्वर हलकेच वाजून रचना संपते. टाळी कुठे पडते हे ज्याच्याइतके कोणाला ठाऊक नव्हते, त्याने टाळीची जागा स्वतःच्या हाताने खोडली. लिस्ट दिखाऊ होता म्हणणाऱ्यांना मी हे पान दाखवतो.

तो सोनाटा त्याने क्लाराचा पती, रचनाकार शूमान याला अर्पण केला. छापील प्रत पोहोचली तेव्हा शूमान मनोरुग्णालयात होता. क्लाराला ती रचना नुसता गोंगाट वाटली. १८५७ मध्ये लिस्टचा शिष्य आणि जावई होऊ घातलेला हान्स फॉन ब्यूलो याने बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा जाहीरपणे वाजवला, तेव्हा टीकाकारांनी झोडपले.  पुढे दिवस अधिक कठीण आले. एका शिष्याच्या ऑपेराला १८५८ मध्ये वायमारमध्ये आरडाओरड झाली आणि त्याने पद सोडले. मुलगा दानिएल १८५९ मध्ये गेला, मुलगी ब्लांदिन १८६२ मध्ये. कॅरोलिनशी लग्न त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी रोममध्ये ठरले होते, ते ऐनवेळी धर्मसत्तेने अडवले. १८६५ मध्ये त्याने चर्चच्या प्राथमिक दीक्षा घेतल्या. यानंतरचा लिस्ट काळ्या झग्यातला ‘आबे लिस्ट’.

आता त्याच्या हंगेरियन असण्याबद्दल. घरात जर्मन, जगात फ्रेंच. हंगेरियन भाषा त्याला नीट कधीच आली नाही. तरी तो स्वतःला हंगेरियन म्हणवी. एकोणीस ‘हंगेरियन ऱ्हॅप्सडी’ ही त्याची सर्वांत लोकप्रिय निर्मिती. दुसरी ऱ्हॅप्सडी तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे, नाव माहीत नसेल एवढेच : ‘टॉम अँड जेरी’च्या १९४७ च्या ऑस्करविजेत्या भागात मांजर पियानोवर जी वाजवते ती हीच. आधी ‘लाशान’, संथ आणि ठसकेबाज. मग ‘फ्रिशका’, चढत्या लयीचा नाच. पियानोत चिंबालॉम या हंगेरियन वाद्याचा तारांवर काठ्या आपटल्याचा नाद ऐकू येतो. हे सूर त्याने रोमा म्हणजे जिप्सी वाद्यमंडळींकडून घेतले, पण १८५९ च्या पुस्तकात हे संगीत मूळ रोमांचेच असे त्याने म्हटले, तेव्हा हंगेरीत संताप उसळला. ते बरेचसे शहरी, नव्याने रचलेले संगीत होते. खेड्यातली खरी लोकगीते बार्तोक आणि कोदाय या रचनाकारांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गावोगाव फिरून जमवली. त्याच बार्तोकने १९३६ मध्ये हंगेरीच्या विज्ञान अकादमीत सदस्य म्हणून भाषण केले, त्याचा विषय होता लिस्ट. पुढच्या पिढ्यांच्या संगीतासाठी लिस्टचे मोल वाग्नरपेक्षाही मोठे, असे त्याचे मत होते.

लिस्टने हंगेरीला दिलेले सर्वांत टिकाऊ देणे म्हणजे संस्था. १८७५ मध्ये बुडापेस्टची संगीत अकादमी सुरू झाली. अध्यक्ष लिस्ट, संचालक फेरेन्त्स एर्केल. दरवर्षी काही महिने तिथे राहून तो विनामूल्य शिकवी. १८८१ पासून अकादमीच्या ज्या घरात त्याची खोली होती, तिथे आज त्याचे संग्रहालय आहे. तिथे एक लिहिण्याचे मेज आहे, पियानो बनवणाऱ्या बोझेनडोर्फरने त्याच्यासाठी बनवलेले. मेजाचा खण ओढला की आतून तीन सप्तकांची पियानोपट्टी बाहेर येते. सुचले की तपासायला उठावे लागू नये म्हणून! बुडापेस्ट, वायमार आणि रोम अशा तीन घरांत तो वर्ष वाटून घेई. वायमारमधला वर्ग दुपारी भरे. विद्यार्थी आपापल्या वह्या पियानोवर रचून ठेवत, त्यातली एखादी तो उचले आणि सगळ्यांसमोर शिकवणी होई. एकाची चूक सगळ्यांचा धडा. बोटांचा सराव घरी करून या, इथे संगीत बोलू, ही त्याची अट. यातून एमिल फॉन साउअर, मोरिझ रोझेनथाल, ऑयगेन दाल्बेर, अलेक्झांडर झिलोती, सोफी मेंटर तयार झाले. इश्तवान तोमान हा त्याचा शिष्य आणि बार्तोक हा तोमानचा. पुढे झिलोतीकडे रखमानिनोव्ह शिकला. लिस्टने यांतल्या एकाकडूनही फी घेतली नाही. चेर्नीचे ऋण त्याने शेकडो पटींनी फेडले.

म्हातारपणी त्याचे स्वतःचे संगीत मात्र विरळ होत गेले. १८८१ मध्ये वायमारला जिन्यावरून पडल्यानंतर प्रकृती ढासळली. त्याच वर्षीची ‘नुआज ग्री’, म्हणजे करडे ढग, ही रचना फक्त अठ्ठेचाळीस मात्राखंडांची आहे. खर्जात अस्वस्थ थरथर, वर विसाव्याला न येणारे स्वरमेळ, शेवट असा की स्वर घरी पोहोचतच नाही. व्हेनिसमध्ये वाग्नरच्या अखेरच्या दिवसांत सुचलेली ‘शोकाकुल गोंडोला’, आणि १८८५ ची ‘स्वरकेंद्राविना बागातेल’ही त्याच वाटेवरच्या. पुढे कोझिमाशी लग्न होऊन जावई झालेल्या वाग्नरला सासऱ्याचे हे नवे सूर वेडाची सुरुवात वाटत. त्यांतल्या बऱ्याचशा रचना लिस्टच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी छापल्या गेल्या. देबुसी आणि बार्तोक ज्या दिशेने गेले, तिकडे हा म्हातारा एकटा आधीच चालू लागला होता. ३१ जुलै १८८६ रोजी बायरॉइटमध्ये, कोझिमा चालवत असलेल्या वाग्नर महोत्सवाच्या गर्दीत, तो न्यूमोनियाने गेला.

लिस्टचे सगळेच संगीत उत्तम नाही. शेकडो रचनांत भडक आणि पसरट रचना आहेत, त्या मी तुमच्यावर लादणार नाही. पण त्याची उंची समजण्यासाठी तीन रचना एका बैठकीत ऐका : ‘माझेप्पा’, बी मायनर सोनाटा आणि ‘नुआज ग्री’. पहिलीत सामर्थ्य कमावलेले आहे, दुसरीत ते विचाराच्या ताब्यात आहे, तिसरीत त्याची गरज उरलेली नाही. आणि आपल्या गावात एखादा शिक्षक हाती काही नसलेल्या, पण कान असलेल्या मुलाला शिकवत असेल, तर त्याच्या पाठीशी उभे राहा. त्याच्या खोलीचे भाडे भरा, वाद्य दुरुस्त करून द्या. चेर्नीने एका खेडवळ मुलाची फी माफ केली आणि त्या माफीतून एका देशाची संगीत अकादमी उभी राहिली. १९२५ पासून ती लिस्टच्याच नावाने ओळखली जाते आणि आजही तिथे मुले शिकत आहेत. ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ आपण जमलो, त्यांना वाहायची खरी श्रद्धांजली याच वाटेने जाते, अशी माझी श्रद्धा आहे.